एक प्रत धुळ्यात

मागच्या महिन्यात या सदरात घरातली जुनी कागदपत्रे मोबाइलने नीट स्कॅन कशी करावीत, हे आम्ही लिहिले होते. त्यावर जे फोन आले त्यांत प्रश्न एकच होता : स्कॅन केले, आता ठेवायचे कुठे? पाचोऱ्याच्या एका भगिनीने तर सुनावलेच, की शेवटी मोबाइलमध्येच राहणार असेल तर कागद बरा, तो भिजला तर वाळवता तरी येतो. म्हणणे खरे आहे. म्हणून या वेळी ठेवण्याच्या जागेविषयी.

आधी आमची चूक सांगतो.

२०१७च्या रमजानमध्ये शाळेला सुट्टी होती. असर ते मगरिब आम्ही अम्मीजवळ जुना अल्बम घेऊन बसलो. तिने एकेका फोटोवर बोट ठेवून नावे सांगितली आणि आम्ही मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड केला, चाळीसेक मिनिटे. ही धुळ्याची मोठी खाला, हा मामूंच्या लूमवर कामाला होता, ही पोर देवीच्या साथीत गेली, हिला शिरपूरला दिली. मोबाइल भरला तेव्हा ते रेकॉर्डिंग, भाच्याच्या लग्नाचे फोटो, मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ, सगळे एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर टाकले आणि मोबाइल रिकामा केला. डिस्क कपाटात, कपाटाला कुलूप. आम्ही निश्चिंत.

२०२०च्या उन्हाळ्यात अम्मी गेली. जनाज्याला मोजकीच माणसे होती, तेव्हा नियमच तसे होते. वर्षभराने एका रात्री तिचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून डिस्क जोडली, तर आतून नुसती टक्-टक्. संगणकाला ती दिसेचना. मोठ्या शहरातल्या एका दुकानाने डिस्क उघडावी लागेल म्हणून सांगितले आणि रक्कमही सांगितली. रकमेपेक्षा आम्ही अडलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या डिस्कवर लग्नघरातल्या बायका-मुलींचे फोटो होते, ते अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे कसे? महिनाभर घरात यावर खल झाला. शेवटी दिली. डिस्क परत आली, आतले काही आले नाही.

अल्बम अजून आहे. त्यात धुळ्याच्या घरासमोर सात बायका उभ्या आहेत असा एक फोटो आहे. त्यांतल्या चार जणी आम्ही ओळखतो. तिघींची नावे त्या चाळीस मिनिटांत होती.

आता घरात एक डबा आहे. जुना संगणक, त्याला पडदा नाही, कळफलक नाही. वायफायच्या राउटरला एका वायरने जोडलेला. घरातल्या चारही मोबाइलमधले फोटो रात्री आपोआप त्यात जाऊन पडतात आणि कुणालाही आपापल्या मोबाइलवरून ते पाहता येतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'नॅस' म्हणतात. अम्मीची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात निकाहनामे, घराची खरेदीखते, रेशनकार्डे असत. तिला घरात सगळे संदूक म्हणत. नव्या डब्यालाही मुलांनी तेच नाव दिले.

गूगलवर का नाही ठेवत, असे कुणी विचारील. ठेवावे की, पण तेवढ्यावर राहू नये. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा होती ती १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे भाडे. भाडे चुकले किंवा खाते ज्या मोबाइल नंबरवर होते तो नंबर सुटला, की पुढची सगळी धावपळ आपली. शिवाय आमच्यासारख्या घरांत बायकांचे फोटो घराबाहेरच्या यंत्रात नकोत असे वाटणारी वडीलधारी माणसे असतात. त्यांना जुनाट म्हणून आम्ही हसत नाही. घरच्या डब्यात ज्याचे त्याचे खाते वेगळे ठेवता येते. लग्नाचा व्हिडिओ कुणी पाहायचा आणि कुणी नाही, हे घरातच ठरते.

आणि प्रश्न फोटोंपुरता नाही. शाळेत दर वर्षी पाच-सहा पालक येतात. आजोबांचा दाखला हवा, वडिलांच्या चुलत्याचा प्रवेश-निर्गम उतारा हवा. ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, रावेर-यावलकडच्या तडवी कुटुंबांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. उर्दू शाळांची जुनी रजिस्टरे उर्दूत, शिकस्ता वळणाची, पाने हात लावताच तुटणारी. ज्याच्या घरात आजोबांचा जुना दाखला सापडतो त्याच्या मुलाचे वर्ष वाचते. मूळ कागदाची जागा स्कॅन घेत नाही, समितीपुढे मूळच न्यावा लागतो. पण स्कॅन असले तर कोणत्या शाळेच्या कोणत्या रजिस्टरातला कोणता क्रमांक शोधायचा, हे तरी कळते.

हा डबा जुळवायचा तर काय घ्यावे? आम्ही जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेलो तेव्हा प्रोसेसर कोणता घ्यावा याची यादी करून गेलो होतो. तिथे आमचाच एक जुना विद्यार्थी भेटला, संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने यादी पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ही यादी उलटी धरा." त्याचे म्हणणे असे, की या कामात डोके लागत नाही. फायली आत घ्यायच्या, मागितल्या की द्यायच्या. कचेरीतून निघालेला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही त्याला पुरतो. पैसा घालायचा तो डिस्कवर, विजेवर आणि वाऱ्यावर.

तसा संगणक आम्ही साडेसहा हजारांत घेतला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे २०१३-१४च्या सुमाराचा, ८ जीबी रॅम. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या. एक, उभे मोठे कॅबिनेट हवे, टेबलावर आडवे ठेवतात ते चपटे नको, कारण त्यात मोठ्या डिस्का दोन बसत नाहीत आणि बसल्याच तर वारा खेळत नाही. दुसरी, मदरबोर्डावर डिस्क जोडायची साटा तोंडे किमान चार हवीत. दुकानात टॉर्च मारून मोजून घ्यावीत, लाजू नये.

रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे संगणक मिळतात, वीज फार कमी खातात. पण डिस्का यूएसबीच्या वायरने लोंबत राहतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचार सोडून द्या. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा तैवानी कंपन्यांचे तयार डबेही येतात. महाग आहेत आणि डिस्का त्यांतही बहुधा वेगळ्याच घ्याव्या लागतात, पण घरात कुणाला स्क्रू-ड्रायव्हर धरायची हौस नसेल तर तेच बरे. आमच्याकडे लेक अकरावीला आहे आणि तिला हौस आहे.

आता डिस्क. इथे मात्र थांबून बोलायला हवे.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांवर गोल रेघांत माहिती लिहिली जाते. हल्ली जागा वाचवण्यासाठी काही डिस्कांत या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, घरावरच्या कौलांसारख्या. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची ओळ उचलावी लागते. तसेच इथे मधली एक रेघ बदलायची तर पुढच्या पुन्हा लिहाव्या लागतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. सुट्या-सुट्या रेघांच्या जुन्या पद्धतीला सीएमआर. एकदा लिहून कपाटात ठेवायला कौलांची डिस्क चालते. पण दोन डिस्कांची जोडी लावली आणि त्यांतली एक बदलून सगळे पुन्हा भरायची वेळ आली, की ती इतकी मंद होते की यंत्राला वाटते डिस्क मेली. २०२० साली याचा मोठा गवगवा झाला. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' या मालिकेतल्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का एसएमआर निघाल्या. ते खोक्यावर लिहिलेले नव्हते. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्का 'रेड प्लस' या नावाने वेगळ्या केल्या. तेव्हा दुकानदाराने नॅसची डिस्क म्हटले तरी नेमका मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत पाहून सीएमआर असल्याची खात्री करा, मगच पैसे द्या.

आम्ही चार-चार टीबीच्या दोन घेतल्या. दोन कशाला? दोन्हींवर तेच लिहायचे. एक गेली तर दुसरी उभी राहते. याला आरसा म्हणतात, इंग्रजीत मिरर. दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नयेत, हा विद्यार्थ्याचा सल्ला. एकाच खेपेतल्या डिस्का एकाच सुमाराला आजारी पडू शकतात. म्हणून एक जळगावला घेतली आणि दुसरी ऑनलाइन मागवली. ती ऑनलाइनची नवी म्हणून आली, खोके सीलबंद. लेकीने जोडून आतली नोंद वाचली तर ती आधीच अकरा हजार तास चाललेली, म्हणजे सुमारे पंधरा महिने. विक्रेत्याने कुरकुर करून परत घेतली. ही नोंद प्रत्येक डिस्क स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती दाखवणारे फुकट सॉफ्टवेअर मिळते. डिस्क घरी आली की पहिल्या दिवशी ती नोंद पाहावी आणि रात्रभर लांबची चाचणी लावावी. बिल सांभाळावे. मग दुसरी आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा आग्रा रोडवरून घेतली.

आरशात एक खोट मात्र आहे. दोन डिस्कांवरच्या प्रतींत फरक पडला तर खरी कोणती? डिस्क कधी कधी बंद न पडताही एखादे अक्षर चुकीचे वाचते, फोटोच्या मधोमध एक करडा पट्टा येतो. तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब पढत असतात आणि मागे सामे उभा असतो. हाफिजसाहेब अडले किंवा चुकले की तो लुकमा देतो. दोन हाफिज असून भागत नाही, चूक ओळखणारा हवा. झेडएफएस नावाची फाइल ठेवण्याची पद्धत हे काम करते. प्रत्येक तुकड्याबरोबर ती एक बेरीज लिहून ठेवते. वाचताना बेरीज जुळली नाही की दुसऱ्या डिस्कवरून योग्य तुकडा घेते आणि पहिलीवरचा दुरुस्त करते. ट्रूनॅस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती आहे, आणि तिच्यामुळेच ८ जीबी रॅम घेतली. रॅम त्याहून कमी असेल तर ओपन मीडिया व्हॉल्ट हे हलके सॉफ्टवेअर पाहा. रॅममध्येही चूक दुरुस्त करणारा ईसीसी नावाचा प्रकार असतो, पण तो साध्या मदरबोर्डांवर बहुधा चालत नाही. असला तर उत्तम, नसला तर घरच्या कामासाठी आम्ही अडून बसलो नाही.

आता वीज आणि ऊन. पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेला सल्ला खान्देशात इथेच अपुरा पडतो.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी बाहेरच्याहून फार कमी नसते. डिस्का साधारण साठ-पासष्ट अंशांपर्यंत चालतात असे कंपन्या सांगतात, पण डिस्क खोलीपेक्षा नेहमीच दहा-पंधरा अंश अधिक तापते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. २००७ साली गूगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. त्यात उष्णतेचा दोष लोक समजतात तेवढा मोठा दिसला नाही, पण फार जास्त तापमानात आणि जुन्या डिस्कांत तो दिसला. खान्देशातला मे म्हणजे फार जास्त तापमानच. त्याच अभ्यासात असेही दिसले, की पुष्कळ डिस्का आधी काहीही न कळवता बंद पडतात. म्हणून स्मार्टची नोंद स्वच्छ आहे यावर विसंबू नये.

आम्ही कॅबिनेटच्या पुढे, डिस्कांच्या अगदी समोर, १२० मिलिमीटरचा एक पंखा लावला. पाचशे रुपये. दोन डिस्कांमध्ये एक घर मोकळे सोडले. त्याने सात-आठ अंश उतरले. डबा माळ्यावर ठेवला नाही, खालच्या मजल्यावर जिन्याखाली ठेवला. पहिल्या वर्षी तो हॉलमध्ये कूलरच्या झोतात ठेवला होता, थंड राहील म्हणून. ते चूक. कूलरची हवा ओली असते, आणि खान्देशची धूळ त्या ओलीवर बसली की पंख्यावर चिखलाचा थर होतो. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रंगाच्या कोरड्या ब्रशने जाळी झाडायची, हे धाकट्याचे काम.

पण उन्हावरचा खरा उपाय वेगळाच निघाला, आणि तो फुकट होता. डबा चोवीस तास चालू ठेवायची गरज काय? दुपारी घरात फोटो पाहायला असते कोण? संगणकाच्या बायॉसमध्ये ठरावीक वेळी आपोआप चालू होण्याची सोय असते. आमचा रात्री नऊला उठतो आणि सकाळी सातला झोपतो. मोबाइल चार्जिंगला लागलेले असतात तेव्हाच त्यांचे फोटो येतात. उन्हाचे तास टळतात आणि वीजही वाचते. डबा ४५ वॉट घेतो. चोवीस तासांना महिन्याचे ३२ युनिट झाले असते, दहा तासांना साडेतेरा होतात. दिवसातून एकदा बंद-चालू होणे डिस्कला जड जात नाही.

वीज जाण्याचे मात्र रात्रीही काही सांगता येत नाही. इन्व्हर्टर आहे ना, असे मुलांचे अब्बा म्हणाले. आहे, पण दिवे गेल्यावर तो क्षणभर विचार करतो, पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळते. काही इन्व्हर्टरांवर यूपीएस मोडचे बटण असते, ते दाबून पाहा. तरी वेगळा संगणकाचा यूपीएस घ्यावाच आणि तोही यूएसबीचे तोंड असलेला. त्या वायरीतून यूपीएस संगणकाला सांगतो की दिवे गेले, आणि पाच मिनिटांत आले नाहीत तर संगणक लिहिणे पुरे करून स्वतःच नीट बंद होतो. यूपीएसची बॅटरीही उन्हाने लवकर म्हातारी होते. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे, असा ढोबळ हिशेब आहे. ती दोन-अडीच वर्षांनी बदलायचीच, असे धरून चाला.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आत वीज वाटणारा डबा, हा जुन्या संगणकाबरोबर आलेला आम्ही काढून टाकला आणि '८० प्लस'चा शिक्का असलेला चांगल्या कंपनीचा घेतला. बाकी सगळे वाचते, पण हा जळाला तर दोन्ही डिस्कांना एकदम घेऊन जाऊ शकतो. आणि घरात आर्थिंग आहे का, ते वायरमनला बोलावून एकदा बघाच. जुन्या मोहल्ल्यांतल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकात काहीच नसते. आमच्याकडे नव्हते.

राउटरचे तोंड १०० मेगाबिटचे असेल तर सेकंदाला अकरा-बारा एमबीच जातात. ५०० जीबी भरायला साडेबारा तास. गिगाबिटचे असेल तर तेच सव्वा तासात. पण भरणे एकदाच असते, तेवढ्यासाठी राउटर बदलू नका. वायर मात्र उंदरांच्या वाटेवरून नेऊ नका.

सगळा खर्च मिळून ३७,३०० रुपये झाला, २०२३ साली. भाव वरखाली होतात, विचारूनच जा. एकदम झाला नाही, भिशीचा नंबर लागला तेव्हा डिस्का आल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत बाकीचे. हप्त्यावर घ्यायचे नव्हते.

इथे थांबलो असतो तर तीच चूक पुन्हा केली असती. डबा लावून तीन महिने झाले असतील, धुळ्याहून आलेल्या भाच्याने जागा साफ करायची म्हणून एक फोल्डर पुसले. दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी गेले. आरसाच तो, इकडे पुसले की तिकडेही पुसणार. फोल्डर परत मिळाले, कारण झेडएफएस काल-परवाची स्थिती जपून ठेवू शकते आणि लेकीने ते आधीच लावून ठेवले होते. पण घराला आग लागली, चोरी झाली, तर? काल-परवाही त्याच डब्यात आहे.

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा ह. उमर (र.) यांच्या आग्रहावरून ह. अबू बकर (र.) यांनी ह. जैद बिन साबित (र.) यांच्याकडे कुरआन एकत्र लिहून घेण्याचे काम सोपवले. खजुराच्या फांद्या, पातळ दगड आणि माणसांची छाती, जिथे जे होते तिथून ते जमवले. ती प्रत पुढे उम्मुल मोमिनीन ह. हफ्सा (र.) यांच्याजवळ राहिली. आणि ह. उस्मान (र.) यांनी तिच्यावरून प्रती करवून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. आमच्या फोटोंची त्याच्याशी तुलना नव्हे, तौबा. पण मदिन्यात एक प्रत जपून ठेवली आणि काम संपले, असे त्यांनी मानले नाही, एवढे घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण आपाच्या गावातच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावच्या घरांतली मोडी दप्तरे शोधत आयुष्यभर हिंडले आणि १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात तो संग्रह आजही आहे. शाळेची सहल तिथे नेली होती तेव्हा मुलांनी विचारले, जळाले तर? त्याची सोय राजवाड्यांनी काही अंशी स्वतःच केली होती. १८९८पासून ते 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापत गेले, आणि छापलेले ते शेकडो घरांत गेले.

तर आमची सोय अशी. दोन-दोन टीबीच्या दोन लहान डिस्का घेतल्या, खिशात मावणाऱ्या, सहा-सहा हजारांच्या. डब्यातले जे गेले तर परत मिळणार नाही ते, म्हणजे कागदपत्रे, फोटो, आवाज, त्यांवर उतरवतो. उतरवलेले सिनेमे आणि लग्नाच्या व्हिडिओची कच्ची फीत नाही. त्यांतली एक डिस्क कायम धुळ्याला आपाच्या गोदरेजच्या कपाटात असते, दुसरी इथे. ईदला किंवा सुट्टीत एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने जाताना इथली ताजी भरून टॉवेलात गुंडाळून न्यायची आणि तिथली परत आणायची. नव्वदेक किलोमीटर. एकाच वेळी जळगावचे घर आणि धुळ्याचे घर जाणे, अल्लाह न करो, कठीण आहे. दोन्ही डिस्कांना पासवर्ड आहे आणि तो आपाच्या वहीत उर्दूत लिहिलेला आहे. ज्यांना डबा परवडत नाही त्यांनी डब्याचे सगळे विसरावे आणि या दोन लहान डिस्का तेवढ्या घ्याव्यात, एक आपल्याकडे, एक बहिणीकडे. हे आम्ही आधी केले असते तर डबा नसता तरी चालले असते.

सुरुवातीला आपाने विचारले, "इसमें है क्या, जो इतना सँभाल के लाते?" तिला टीव्हीला जोडून दाखवले. तासभर पाहत बसली. तो सात बायकांचा फोटो आला तेव्हा तिने थांबवायला सांगितले, जवळ गेली, चष्मा पुसला. कडेची, डोक्यावर पदर ओढलेली, ती अम्मीच्या चुलत मामीची सून, नाव जुलेखा. उरलेल्या दोघी तिलाही सांगता येईनात. त्या दिवशीचे तिचे बोलणे रेकॉर्ड करून संदूकमध्ये आणि दोन्ही डिस्कांवर टाकले आहे.

शिरपूरच्या खाला नव्वदीला टेकल्या आहेत. नजर अधू आहे, पण फोटो मोठा करून दाखवला तर ओळखतील, असे आपा म्हणते. उन्हाळा लागायच्या आत जाऊन येणार आहोत.

पुढच्या महिन्यात : मोबाइलमधले फोटो डब्यात आपोआप कसे पाठवायचे, आणि घरचा डबा इंटरनेटवर उघडा का ठेवू नये.